ॲम्बेसेडरचा फॅन बेल्ट पुन्हा पुन्हा किंचाळतो तेव्हा

सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर बॉनेटखालून कानाला टोचणारी किंकाळी येते, ती अर्ध्या मिनिटात विरते किंवा विरतही नाही, मिस्त्री बेल्ट ताणून देतो अथवा नवा घालतो, पंधरा-वीस दिवस सगळे शांत असते आणि मग एखाद्या दमट सकाळी तोच आवाज परत येतो, ही जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. एकदाच आलेला आवाज बहुतेक वेळा ताण कमी पडल्यामुळे असतो आणि पाना फिरवला की जातो. परतून येणारा आवाज बेल्ट ताणून फक्त काही दिवस दाबता येतो. माझ्या गाडीत हा प्रकार दीड वर्ष चालला, त्यात चार बेल्ट आणि एक वॉटर पंप खर्ची पडला आणि शेवटी जो दोष सापडला तो बेल्टमध्ये नव्हताच. ज्या क्रमाने तपासणी केली असती तर हा खर्च वाचला असता, त्या क्रमाने ती येथे मांडतो.

गाडी वडिलांनी घेतलेली १९७८ सालची ॲम्बेसेडर मार्क थ्री आहे. इंजिन १४८९ सीसीचे पेट्रोल, म्हणजे मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातले. या इंजिनात एकच व्ही बेल्ट, म्हणजे इंग्रजी V सारख्या छेदाचा पट्टा, असतो. तो खाली क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून (खाचेच्या चाकावरून), वर वॉटर पंपाच्या पुलीवरून आणि बाजूला डायनामोच्या, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, पुलीवरून फिरतो. पंखा वॉटर पंपाच्याच पुलीवर बोल्टांनी बसवलेला असतो, त्यामुळे बेल्ट तुटला की चार्जिंग, पाण्याचे फिरणे आणि पंखा ही तिन्ही कामे एकदम थांबतात. वेगळा ताण-रोलर नाही. डायनामो बाहेर ओढून ताण द्यायचा. प्रीमियर पद्मिनीतही मांडणी साधारण अशीच असल्याने पुढचे बरेचसे त्या गाडीलाही लागू पडेल. माझ्या गाडीत मूळ डायनामो काढून सात-आठ वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजात ऑल्टरनेटर, म्हणजे तेच काम करणारे पण अधिक वीज देणारे यंत्र, बसवून घेतला होता. या बदलाचा उल्लेख आताच करून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्याभोवती फिरते आणि मला स्वतःला तो फार उशिरा आठवला.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज ऐकण्याची. बॉनेटखालच्या प्रत्येक कर्कश आवाजाला आपण ‘बेल्ट ओरडतो’ असे म्हणून मोकळे होतो, परंतु सलग, ताणलेली किंकाळी आणि पाखराच्या चिवचिवाटासारखा तुटक ‘चिक्-चिक्’ आवाज या दोहोंची कारणे निराळी असतात. सलग किंकाळी म्हणजे बेल्ट एखाद्या पुलीवर घसरतो आहे. ती थंड इंजिन सुरू करताच, हेडलाइट लावताच किंवा ॲक्सिलरेटर एकदम दाबताच वाढते, कारण या तिन्ही वेळी बेल्टवर अचानक ओझे येते. तुटक चिवचिवाट ठरावीक लयीत येतो, इंजिनाबरोबर त्याची लय वाढते आणि तो बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचे सांगतो. तिसरा आवाज खरखरीचा किंवा घरघरीचा असतो, तो बेअरिंगचा. तो ओळखायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना बेल्ट काढून ठेवावा आणि इंजिन अर्धा मिनिट, त्याहून अधिक नाही, चालवून पाहावे. आवाज गेला असेल तर तो बेल्टच्या किंवा त्यावर फिरणाऱ्या भागांच्या खात्यावर जमा. मग इंजिन बंद करून वॉटर पंपाची आणि ऑल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहावी, पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरून पंखा मागे-पुढे हलवून पाहावा. बेअरिंग खराब असेल तर बोटांना लगेच कळते.

माझ्या गाडीत दोन्ही प्रकारचे आवाज होते आणि मी त्यांना एकच समजत होतो. सुरू केल्यावर किंकाळी, ती विरली की मागे बारीक चिवचिवाट. आईने हे माझ्या आधी ओळखले होते. ती म्हणायची, गाडी आधी रडते आणि मग हुंदके देते. मी हसण्यावारी नेले.

दोन आवाज वेगळे करण्यासाठी पाण्याची एक जुनी युक्ती आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडावे, इंजिन संथ चालू ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूवर, पंख्यापासून हात दूर ठेवून, पाण्याची पातळ धार सोडावी. ओल्या बेल्टचा आवाज वाढला तर ताण कमी आहे असे समजावे. आवाज क्षणात बंद होऊन बेल्ट सुकताच परत आला तर पुल्यांची रेषा किंवा बेल्टचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग तपासावा. ही युक्ती दिशा दाखवते, निकाल देत नाही. पावसाळ्यात नाशिकमधल्या इंदिरानगरच्या बोगद्यातल्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की हीच चाचणी आपोआप होत असे आणि माझी गाडी त्या पाण्यानंतर मिनिटभर गप्प बसत असे. त्याचा अर्थ मला तेव्हा लावता आला असता.

पाण्याऐवजी साबणाची वडी, मेणबत्ती, राळ किंवा बाजारात मिळणारा चिकट बेल्ट-स्प्रे लावण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. साबणाने आवाज खरोखरच जातो, पण आवाज जाऊनही घसरण तशीच राहते आणि चिकट स्प्रेवर रस्त्यावरची धूळ बसून त्याची घासपेपरासारखी लुकण तयार होते. नाशिकच्या बाहेर कुठल्याही दिशेला निघालो तरी रस्त्यांची कामे आणि शेतांची माती यांतून सुटका नाही, तेव्हा बेल्टला कोणतीही चिकट वस्तू लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ताण. तपासणीपूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात आणि बॅटरीची अर्थची वायर सुटी, एवढे आधी करावे. सैल बाह्या आणि ओढणी-उपरणे यांना बॉनेटपाशी जागा नाही. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने मध्यम जोराने दाबावे. बी-सीरीज इंजिनात तो सुमारे अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर, हलला पाहिजे. ताण देण्यासाठी डायनामोचे वरचे दोन बोल्ट आणि खालच्या लांबट खाचेच्या पट्टीचा बोल्ट सैल करावा लागतो. हे बोल्ट ५/१६ इंची असून त्यांना अर्धा इंची पाना लागतो, मिलिमीटरचा जवळपासचा पाना घालून डोकी गोल करू नयेत. डायनामो बाहेर ओढताना लाकडी दांडा वापरावा आणि तो पुलीकडच्या तोंडाच्या भागाला टेकवावा. मधल्या अंगाला टेकवून ओढल्यास डायनामोचे अंग दबते आणि ऑल्टरनेटर असेल तर त्याचे ॲल्युमिनियमचे कान तुटतात. आधी पट्टीचा बोल्ट, मग वरचे दोन आवळावेत.

येथेच माझी मोठी चूक झाली. अंगठ्याने अर्धा इंच हललेला बेल्ट तरीही ओरडतो म्हटल्यावर मी तो पाव इंचावर आणला. आवाज थांबला. बेल्ट वाजवला तर तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजत होता आणि मला त्याचे समाधानही वाटले. दोन महिन्यांनी इगतपुरीला जाताना घोटीच्या पुढे तापमानाचा काटा चढू लागला. बॉनेट उघडले तर पंपाच्या पोटाखालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत होते आणि पंखा थांबवून हलवला की मागे-पुढे खुळखुळत होता. व्ही बेल्टचा सगळा ओढा पंपाच्या शाफ्टला एका बाजूला खेचतो. तो दुप्पट केला की बेअरिंग बसते, बेअरिंग बसले की सील हलते आणि सील हलले की पाणी त्या छिद्रातून बाहेर येते, कारण ते छिद्र त्याच इशाऱ्यासाठी ठेवलेले असते. परतीला दर पाच-सहा किलोमीटरवर थांबून पाणी घालत घर गाठले. बाहेर पडलेले कूलंटमिश्रित पाणी बेल्टवर उडल्यामुळे तो बेल्टही वाया गेला, ते निराळेच.

ताण योग्य असूनही बेल्ट घसरत असेल तर बेल्ट हातात घेऊन पाहावा लागतो. तो काढण्यासाठी डायनामो आत ढकलून, आधी त्याच्या पुलीवरून उतरवून, मग पंख्याच्या एकेका पात्यावरून सोडवून घ्यावा. व्ही बेल्ट पुलीला तळाने धरत नाही, तर दोन्ही तिरप्या बाजूंनी धरतो. पाचर लाकडात जशी रुतते तसा तो खाचेत रुतून बसतो आणि या पाचरीमुळे ३६ अंशांच्या खाचेत त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. म्हणून बेल्ट पाहताना बाजू पाहाव्यात. निरोगी बाजू काळपट, थोड्या खरखरीत असतात. घसरलेल्या बेल्टच्या बाजू पॉलिश केलेल्या बुटासारख्या चमकतात आणि नखाने ओरखडल्यास नख घसरते. अशा बेल्टला काचपेपर मारून आणखी चार दिवस चालवता येते, परंतु तो रबराचा कडक झालेला थर असतो आणि पुन्हा होतो. दोन्ही बाजू सारख्या चमकत असतील तर घसरण सरळ आहे. एकच बाजू चमकत असेल, किंवा एका कडेचे धागे उसवलेले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत. माझे काढलेले तिन्ही जुने बेल्ट मी माळ्यावर टाकून ठेवले होते. बऱ्याच नंतर ते खाली काढून दिव्याखाली धरले, तेव्हा तिन्हींची पुढची बाजू आरशासारखी आणि मागची बाजू मंद होती. उत्तर वर्षभर माळ्यावर पडून होते.

बेल्टच्या खरेदीबाबत थोडे. आपला जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्याचा असल्याने फवारणीची यंत्रे, पंप आणि कंप्रेसर यांचे व्ही बेल्ट हव्या त्या लांबीत कुठेही मिळतात आणि दुकानदार मापाने जुळणारा बेल्ट प्रामाणिकपणे काढून देतो. माझा दुसरा बेल्ट असाच ‘ए’ सेक्शनचा, १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड, कापडाने गुंडाळलेला औद्योगिक बेल्ट होता. तो लांबीने बरोबर होता. मोटारीच्या लहान पुलीवर मात्र तो वाकायला तयार नव्हता आणि ऑल्टरनेटरच्या अरुंद खाचेत तो वरच अडकून बसत होता. मोटारींचे बेल्ट बहुधा उघड्या कडांचे आणि आतून दातेरी असतात, त्यामुळे ते लहान पुलीवर सहज वळतात. त्यांच्यावर रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तर औद्योगिक ‘ए’ बेल्टवरचा आकडा आतल्या लांबीचे इंच दाखवतो; दोन्ही आकड्यांची गल्लत करू नये. मूळ क्रमांक वाचता येत नसेल तर डायनामो त्याच्या पट्टीच्या खाचेच्या मध्यावर ठेवून, पुल्यांवरून न ताणणारी सुतळी गुंडाळून लांबी मोजावी, म्हणजे पुढे ताण देण्यास आणि बेल्ट घालण्यास दोन्हीकडे वाव राहतो.

तेलाचा भाग मी लवकर आटोपतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. बेल्टच्या बाजूंना किंवा क्रँकच्या पुलीच्या मागे तेलकट चिखल असेल तर बहुधा टायमिंग कव्हरचे सील गळते आहे. पुली त्या तेलाला गोल फिरवून बेल्टवर शिंपडते. सील बदलताना पुलीच्या ज्या नळीवर ते घासते तिच्यावर चर पडलेला नाही ना हे पाहावे, नाहीतर नवे सीलही महिनाभरात गळते. इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी वाट, बुजलेला असला तरी आतल्या दाबाने तेल पुढून बाहेर येते, आणि ते साफ करायला खर्च काही नाही. माझ्या गाडीत येथे थोडी ओल होती, किंकाळीला पुरेल इतकी नव्हती.

इथपर्यंतची तपासणी कोणत्याही गॅरेजात होते. खरा घोळ पुढे आहे.

पंचवटीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता ते स्वतः पाना क्वचितच धरतात, पण स्टुलावर बसून सांगतात. चौथा बेल्ट ओरडू लागल्यावर मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी बेल्टला हात लावला नाही. बेल्ट काढायला सांगितला, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि ऑल्टरनेटरच्या पुलीच्या खाचेच्या तळाशी प्रकाश टाकून म्हणाले, “साहेब, हे बघा, तळ चमकतोय. बेल्ट इथे बसतोय. बाजूला धरणार कसा?”

खाचेचा तळ खरोखरच नव्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखत होता. निरोगी पुलीत याच्या नेमके उलट असते: बाजू चकचकीत आणि तळ काळा, धुळीने मळलेला, क्वचित गंजलेला, कारण तेथे बेल्ट कधी पोचतच नाही. बाजू झिजून खाच रुंद झाली की बेल्ट खाली उतरत जातो आणि एकदा तळाला टेकला की पाचर संपते. मग त्याला कितीही ताणा, तो सपाट पट्ट्यासारखाच धरणार, म्हणजे पकड तिपटीची एकपट होणार. नवा बेल्ट थोडा रुंद असल्याने काही दिवस वर बसतो, जरा झिजला की तळाला लागतो. दर नव्या बेल्टनंतरच्या पंधरा-वीस दिवसांच्या शांततेचा हिशेब असा लागला. तपासायला साधन लागत नाही. नव्या बेल्टचा तुकडा किंवा नवा बेल्टच खाचेत बोटाने दाबून बसवावा. त्याची पाठ पुलीच्या काठाशी सपाट किंवा किंचित वर राहिली पाहिजे आणि खाली तळाशी फट दिसली पाहिजे. माझ्या पुलीत बेल्टची पाठ काठाखाली दीड मिलिमीटर गेलेली होती. खाचेच्या बाजूही सरळ राहिल्या नव्हत्या, मध्ये पोकळ होऊन बशीसारख्या खोल झाल्या होत्या.

ऑल्टरनेटरचीच पुली का झिजली, क्रँकची का नाही, याचे उत्तर ओझ्यात आहे. जुना डायनामो २२ अँपिअरचा होता. नवा ऑल्टरनेटर ३६ अँपिअरपर्यंत देतो. १४ व्होल्टला ते सुमारे ५०० वॅट होतात आणि ऑल्टरनेटरची स्वतःची गळती धरली तर बेल्टकडून तो पूर्ण भारावर एक अश्वशक्तीहून अधिक ओढून घेतो. हे सगळे ओझे सर्वांत लहान पुलीवर येते, जिच्यावर बेल्टचा वेढाही सर्वांत कमी असतो. त्यात वडिलांच्या काळचे मिणमिणते दिवे काढून मी ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले होते. दोन्हींच्या लांब झोताला तेवढेच १० अँपिअर लागतात. घसरण सुरू व्हायची ती येथूनच.

पुली बदलायची हे ठरले. पण चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि त्याशिवाय नवी पुलीही सहा महिन्यांत तशीच झाली असती. त्यांनी १० मिलिमीटरची सरळ लोखंडी सळई मागवली आणि ती क्रँकच्या व वॉटर पंपाच्या खाचांत एकदम बसवली, तेथे ती सरळ बसली. मग तिचे एक टोक क्रँकच्या खाचेत ठेवले; दुसरे ऑल्टरनेटरच्या खाचेत सरळ शिरायला हवे होते. ते पुढच्या काठावर चढून बसले. पुल्यांचे काठ वेगवेगळ्या जाडीचे असल्याने तोंडाला पट्टी लावून रेषा पाहणे फसवे असते, खाचेत सळई बसवणे खात्रीचे, हे मी त्या दिवशी शिकलो, वास्तविक सातपूरच्या कारखान्यात मी तपासणी विभागातच आयुष्य काढले आहे. मोजले तेव्हा ऑल्टरनेटरची खाच सुमारे ४ मिलिमीटर मागे होती. अशा बेल्टला साधारण अर्ध्या अंशापेक्षा अधिक तिरकेपणा मानवत नाही, म्हणजे दोन पुल्यांत ३०० मिलिमीटर अंतर असेल तर अडीच मिलिमीटर ही हद्द. माझे अंतर २५० मिलिमीटरच्या आसपास होते.

त्यानंतरही मी हे मान्य करायला तयार नव्हतो, कारण ऑल्टरनेटर बसवला त्या वेळी मी स्वतः पट्टी लावून रेषा पाहिली होती आणि ती बरोबर होती. चाचांनी बेल्ट पुन्हा घालून ताण दिला आणि मला वरून पाहायला सांगितले. पट्टीचा बोल्ट आवळत गेला तसा ऑल्टरनेटरचा मागचा भाग केसभर बाहेर आला आणि पुलीचे तोंड आत वळले. ऑल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या, स्थानिक घडणीच्या ब्रॅकेटमध्ये पुढच्या बोल्टाचे छिद्र घासून लांबट झाले होते: बोल्ट ८ मिलिमीटरचा आणि छिद्र एका दिशेने साडेनऊ. खाच मुळातच मागे होती; त्यात बेल्ट सैल असताना निदान ऑल्टरनेटर सरळ, बेल्ट ताणला की तोही तिरका, आणि जितका ताण अधिक तितका तिरकेपणा अधिक. मी आवाज घालवण्यासाठी जो ताण देत होतो तोच रेषा बिघडवत होता. रेषा बेल्ट ताणलेला असतानाच तपासावी, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर पंप वाचला असता. बेल्ट घातल्यावर सळई खाचेत बसत नाही, तेव्हा क्रँकच्या पुलीपासून ऑल्टरनेटरकडे जाणाऱ्या पट्ट्याला समोरच्या बाजूने पोलादी पट्टी चिकटवावी आणि बेल्ट खाचेत शिरतो त्या ठिकाणी फट एकीकडे उघडते का, हे डोळा लावून पाहावे. जवळच्या पत्र्यावर काळी, बारीक रबराची भुकटी उडालेली असेल तर पाहण्याचीही गरज नाही.

दुरुस्ती अंबडच्या वसाहतीतील एका लेथवाल्यांकडे झाली. ब्रॅकेटचे लांबट छिद्र १२ मिलिमीटरचे गोल करून त्यात ८ मिलिमीटरच्या आतल्या छिद्राचा पोलादी बुश ठोकून बसवला. मागच्या कानाचेही तसेच केले, तो अजून तितका झिजला नव्हता तरी. ऑल्टरनेटर ४ मिलिमीटर पुढे आणण्यासाठी एका बाजूचा स्पेसर तेवढा कमी करून दुसऱ्या बाजूला तेवढाच नवा घातला. वॉशरांची चवड रचून हे काम करू नये. वॉशर बसतात, बोल्ट सैल होतो आणि छिद्र पुन्हा लांबट होते, माझ्या ब्रॅकेटचे तेच झाले होते. पुली घडीव पत्र्याची असेल तर ती लेथवर साफ करण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ नवी घ्यावी. माझी नवी पुली पोलादी गोलातून कातून घेतली. लेथवाल्यांनी खाच ४० अंशांची करू का, असे विचारले, कारण बेल्टच्या बाजूंचा कोन तेवढा असतो. तसे करू नये. लहान पुलीवर वाकताना बेल्टचा आतला भाग फुगतो आणि त्याचा कोन कमी होतो, म्हणून लहान पुलीची खाच ३४ ते ३६ अंशांची ठेवतात. आम्ही ३६ ठेवली, बेल्टच्या खाली तळाशी दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवली आणि बाजूंवर हत्याराच्या खुणा राहू नयेत म्हणून शेवटचा हात अगदी संथ फिरवून घेतला. खडबडीत बाजू बेल्टला किसणीसारख्या खातात.

पाचवा बेल्ट या सगळ्यानंतर घातला. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि सैल होतो, म्हणून पंधरा मिनिटे इंजिन चालवून, थंड करून ताण पुन्हा पाहावा आणि दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. माझी दुसरी तपासणी त्र्यंबकेश्वरच्या दोन आणि वणीच्या एका फेरीनंतर झाली. बेल्ट पाऊण इंच हलत होता, तो अर्ध्यावर आणला. पट्टीच्या बोल्टावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाचा एक उभा पट्टा ओढून ठेवला आहे. बोल्ट सरकला की पट्टा तुटलेला दिसतो, पाना लावायची गरज पडत नाही.

एक कारण अजून सांगायचे राहिले. पुल्या, रेषा, ताण आणि बेल्ट हे चारही ठीक असून किंकाळी येत असेल तर बॅटरी तपासावी. एखादी सेल मेलेली बॅटरी कधीच भरत नाही, ऑल्टरनेटर तिला भरत राहतो आणि बेल्टवर सतत पूर्ण भार राहतो. इंजिन थोडे वेगात चालवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर लावल्यास १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा बराच वेळ त्याखालीच अडकून राहिला आणि बेल्टही ओरडत असेल, तर बॅटरी दुकानात नेऊन तिची भारावर चाचणी करून घ्यावी.

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की माझी गाडी अजूनही सकाळच्या पहिल्या फेरीला दोन-तीन सेकंद ‘चीं’ करते. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट ऑल्टरनेटर भरून काढत असतो आणि थंड रबर कडक असते. एवढ्यासाठी मी पाना उचलत नाही. तो आवाज दहा सेकंदांच्या पुढे गेला किंवा दुपारी गरम इंजिनावर आला, तर आधी रंगाचा पट्टा पाहतो आणि मग खाचेच्या तळाशी बॅटरीचा प्रकाश टाकतो. गेल्या आठवड्यात पाहिले तेव्हा तळ काळाच होता.